आधी ओ, मग काम

ताई बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "अं."

एवढीच त्यांची परीक्षा. 'अं' संपायच्या आत पडद्यावर काहीतरी हललं, निदान रंग बदलला, तर तुम्ही पास. 'अं' संपला आणि पडदा तसाच ढिम्म राहिला, तर ताई फोन टेबलावर पालथा घालायच्या आणि आमच्याकडे वळून सांगायच्या, "गेला तो." कोण गेला? तर समोरचा माणूस. आम्ही बनवलेलं वेबपान ज्याने कुठेतरी उघडलं असेल तो. बाकी सगळं ऑफिस त्याला 'युजर' म्हणायचं. ताई 'समोरचा' म्हणायच्या, आणि तो खरोखरच टेबलापलीकडे खुर्चीवर बसलाय अशा थाटात म्हणायच्या.

आम्ही एकदा गुपचूप मोबाइलवर त्यांचा 'अं' मोजला होता. आठवडाभर मोजला. सकाळचा, जेवणानंतरचा, वैतागलेला, खुशीतला, सगळे सारखेच निघाले. मधे त्यांना सर्दी झाली तेव्हा तो नाकातून यायला लागला, पण लांबला मात्र नाही.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका जुन्या औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली रबराची वायसरं बनवायचे, त्यामुळे लिफ्टला कायम रबराचा वास. वीसेक माणसं, सगळी पंचविशी-तिशीतली, आणि त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या एकट्या ताई. त्याच रस्त्यावरच्या एका कंपनीत त्या सतरा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, बोर्ड भंगारात गेला आणि कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. ताई बसल्या नाहीत. मुलुंडला घराजवळच एक संध्याकाळचा क्लास होता, तिथे कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून त्या वेबपानं बनवायला शिकल्या. आमच्याकडे त्या कशा आल्या याच्या मात्र दोन हकिगती आहेत. साहेब म्हणायचे, मी त्यांना रिसेप्शनला घेतलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वेबसाइटच्या अकरा चुका लिहून दिल्या. ताई म्हणायच्या, "मी आले, रिकामी खुर्ची होती तिथे बसले. कुणी उठवलं नाही."

बोर्ड गेला तरी बोर्डाची सवय गेली नव्हती. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचललाच पाहिजे, मग तो कुणाचा का असेना. एकदा साहेब मीटिंगमध्ये होते आणि त्यांचा मोबाइल बाहेर टेबलावर वाजला. ताईंनी उचलला. "नमस्कार, बोला. हो, आहेत. जरा होल्ड करा हं." पलीकडे साहेबांची बायको. आता मोबाइलवर होल्डचं संगीत कुठलं? ताईंनी ते स्वतः गुणगुणायला घेतलं. चार मिनिटं त्या फोन कानाशी धरून भूपाळीच्या चालीवर 'ला ला ला' करत होत्या, आणि मधे मधे थांबून, "आहात ना? येतायत हं," असं सांगत होत्या. साहेब बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे टेबलाखाली होतो. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "यार ताई, माझी बायको बोलली, तू फोन उचलू नकोस, त्यांनाच उचलू दे."

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलाखतीत झाली. मी घाटकोपरचा, नवीकोरी डिग्री खिशात आणि डोक्यात भरपूर हवा. साहेबांनी अर्धा तास काय काय विचारलं, मी फाडफाड उत्तरं दिली. ताई कोपऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या. ऑफिसात मटार, गवार, घेवडा, जे असेल ते त्या आणायच्या, आणि मीटिंग चालू असताना निवडायच्या. शेवटी त्यांनी मान वर केली.

"घरी कामात असताना आई हाक मारते. मग तू काय करतोस?"

मी म्हटलं, "हातातलं काम संपवतो आणि जातो."

"ओ देतोस का?"

"काम संपलं की जातोच ना, ताई."

"म्हणजे तोवर ती हाका मारत बसते. तीन-चार तरी मारत असेल. आणि तिसऱ्या हाकेला तू चिडत असशील."

हे माझ्या घरात येऊन बघितल्यासारखं खरं होतं. ताई साहेबांना म्हणाल्या, "घ्या ह्याला. हुशार आहे. ओ द्यायला मी शिकवते." आणि परत मटाराकडे वळल्या.

ते शिकवणं वर्गातलं नव्हतं. एकदा रविवारी मी त्यांचा लॅपटॉप द्यायला मुलुंडला गेलो. बेल दाबली. बेलचा आवाज विरायच्या आत आतून खणखणीत "आलेऽ!" मी सावरून उभा राहिलो. दार उघडेना. पण आतून आकाशवाणी चालू होती. "आले, गॅस बारीक करते... आले हं, चष्मा कुठे ठेवला... हा सापडला... अरे, मांजर दारात झोपलंय, त्याला उठवते..." दार उघडायला मोजून सात मिनिटं लागली, आणि मला त्यात एकदाही परत बेल दाबावीशी वाटली नाही. उलट चष्मा सापडला तेव्हा मला बाहेर उभ्याउभ्या बरं वाटलं. चहा घेताना मी हे बोललो, तर म्हणाल्या, "माणूस थांबायला तयार असतो रे. आपलं कुणीतरी ऐकलंय एवढं त्याला कळलं की पुरे."

पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या चक्राचा मात्र त्यांना मनापासून राग. "ते 'आले' नाही," म्हणायच्या. "ते म्हणजे घरात कुणी आहे की नाही माहीत नाही, तुम्ही बसा पायरीवर."

त्यांच्या टेबलाचा खालचा खण जुन्या फोनांनी भरलेला होता. काच तडकलेले, आवाज बसलेले, एकाची बॅटरी फुगून पाठ उघडली होती तर त्याला भाजीच्या जुडीचं रबर लावलेलं. बाजारात सगळ्यात टाकाऊ फोन कुठला, असं दुकानदाराला विचारून त्या घ्यायच्या. बिचारे दुकानदार चक्रावायचे. ऑफिसने त्यांना नवा लॅपटॉप दिला की तो शेजारच्याला देऊन त्याचा जुना स्वतः घ्यायच्या. आम्ही सगळे चकाचक मशिनांवर काम करायचो, आणि आमची पानं जगात जिथे उघडली जायची ते जग ताईंच्या त्या खणात होतं.

मी पाच महिने हे सगळं बघितलं, त्याला हसलो, आणि त्यातलं काहीही डोक्यात शिरू दिलं नाही. मग मासळीचं पान माझ्याकडे आलं.

मनोरीच्या अकरा कोळणी कांदिवलीच्या बाजारात शेजारी शेजारी ओट्यावर बसायच्या. त्यांना घरपोच मासळीच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. त्यांच्यातल्या एका मावशींनी पुढाकार घेतला होता. बाकीच्या दहाजणी 'कशाला नसती भानगड' म्हणत होत्या, त्यांना मावशींनी स्वतःच्या शब्दावर तयार केलं. सकाळी कुठली मासळी आली ते आपापल्या फोनवर टाकायचं, संपली की 'संपलं' दाबायचं, बस. मी एकट्याने करायचं हे पहिलं काम. मी जीव ओतला. साठ जातींचे मोठे मोठे फोटो, प्रत्येक ऑर्डर, प्रत्येकीची बेरीज, सगळं एकाच पानावर. माझ्या फोनवर ते लोण्यासारखं चालायचं. ताई तेव्हा नेमक्या पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या, त्यामुळे 'अं' झालाच नाही.

पहिला रविवार. सकाळी नवाला मावशींची पापलेटं संपली. त्यांनी 'संपलं' दाबलं. दाबल्याबरोबर माझं पान साठच्या साठ फोटो नव्याने मांडायला आणि सगळ्या बेरजा परत करायला बसलं. मावशींचा फोन जुना. चार-पाच सेकंद पडद्यावर काहीच नाही. त्यांनी परत दाबलं. परत दाबलं. एकदा आणखी, जोर लावून. आणि माझ्या बटणाची रीत अशी, की एकदा दाबलं की 'संपलं', परत दाबलं की 'आहे'. चार वेळा दाबल्यावर काय होणार? पापलेट 'आहे'. दुपारपर्यंत अख्खी कांदिवली न संपणारी पापलेटं मागवत होती. एका घरी साखरपुड्याचं जेवण होतं. तिथून फोन आला, "मावशी, व्याही ताटावर बसलेत, पापलेट कुठाय?" शेजारच्या टोपल्यांमध्येही तेच. रावस संपून उगवत होता, कोळंबी मरून जिवंत होत होती.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "बाकीच्या बायका म्हणतात, नको ते. मावशींची पार वाट लागली यार, तिच्या शब्दावर आल्या होत्या त्या. तिने एक रविवार मागून घेतलाय, फक्त तिच्या एकटीच्या फोनवर. नीट गेला तर ठीक, नाहीतर पान बंद." मग म्हणाले, "आणि तुझे प्रोबेशनचे सहा महिने पण याच महिन्यात संपतायत ना."

ताई परत आल्या तेव्हा मी तोंड पाडून त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या. कोळंबी मरून जिवंत होत होती हे ऐकून तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी चिडून म्हणालो, "पण ताई, एक बटण चार वेळा कोण दाबतं?"

त्यांनी डोळे पुसले. "अरे, हाका मारत होती ती तुला."

मी उपाय तयार ठेवला होता. फोटो काढून टाकायचे, बेरजा काढून टाकायच्या. ताईंनी मान हलवली. "काही काढू नकोस. काम आहे तेवढंच राहू दे. फक्त ओ आधी, काम मग." त्यांनी मटाराची पिशवी ओढली. "फोनमध्ये ऑपरेटर एकच असते, बाबा. बेल तिनेच घ्यायची आणि घरही तिनेच रंगवायचं. तू तिला साठ भिंती एका दमात रंगवायला लावल्यास. ती ब्रश खाली ठेवणार कधी, आणि बेल ऐकणार कधी? हे बघ." त्या सोलायला लागल्या. दहा शेंगा झाल्या की मान वर, दाराकडे नजर, परत दहा शेंगा. पाच महिने ती मान वर-खाली होताना मी बघत होतो आणि मला वाटायचं, बाईंच्या मानेला काहीतरी झालंय.

पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. बुधवारी मला कांदिवलीला घेऊन गेल्या. ताईंच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. मासळीबाजाराच्या दारात त्यांनी रुमालावर निलगिरीचे चार थेंब टाकले, तो नाकाला बांधला आणि दरोडेखोरासारख्या आत शिरल्या. मावशींच्या समोर एक क्रेट उपडा घालून त्यावर बसल्या ते तासभर. मावशी भलत्याच अस्वस्थ.

"काय बघतंस गो बाय मंगाशी धरून?"

"तुमचा अंगठा."

"माझ्या अंगठ्याला काय झायलाय?"

"काही नाही. छान आहे. तुम्ही करा काम."

मावशींनी शेजारणीकडे बघून डोळे फिरवले. पण तासाभराने ताईंनी रुमाल खाली ओढला, कारण त्यांना बोलायचं होतं, आणि मग तो परत बांधायचं विसरूनच गेल्या. "अरे, तिचा अंगठा बघ केवढा आहे! ती दाबते तेव्हा तुझं बटण त्याच्याखाली पार झाकलं जातं. रंग बदलला तरी तिला दिसणार कुठे? आणि ती बघते किती वेळ? इतकासा! लगेच गिऱ्हाइकाकडे वळते. तिच्या अंगठ्याखाली ओ देऊन काय उपयोग? अख्खी ओळ बदलू दे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत." एवढं बोलून त्या मावशींकडे वळल्या आणि विचारलं, ताजा मासा ओळखतात कसा? मावशी खूश. त्यांनी कल्ले उघडून दाखवले. पुढचे तीन दिवस ताई ऑफिसात जो भेटेल त्याला, "कल्ले लाल पाहिजेत बरं का," असं सांगत होत्या.

त्या तीन दिवसांत मी पान नव्याने बांधलं. बटण दाबलं की सगळ्यात आधी त्या मासळीची अख्खी ओळ करडी. मग जेवढ्या ओळी डोळ्यांसमोर आहेत तेवढ्यांचेच फोटो, बाकीचे माणूस खाली सरकेल तेव्हा. बेरजा सगळ्यात शेवटी, त्याही थोड्या थोड्या करून. प्रत्येक तुकड्यानंतर पानाने थांबून बघायचं की कुणी आणखी काही दाबलंय का. दाबलं असेल तर आधी ते. आणि 'परत आहे' साठी वेगळं बटण, पार दुसऱ्या टोकाला.

शनिवारी दुपारी परीक्षा. ताईंनी खणातले अकरा फोन टेबलावर मांडले. दहा फोनांवर 'अं' आरामात पास. अकरावा, रबरवाला, नापास.

"ताई, तो सोडा ना. तो कोण वापरतं?"

"मावशी. त्यांचा हाच आहे. बुधवारी पाहिला मी."

मी खाली बसलो. सगळं परत वाचलं. शेवटी सापडलं. एक छोटीशी बेरीज मी जुन्या सवयीने रंग बदलण्याच्या आधी ठेवली होती. एका ओळीचं काम, म्हटलं, होऊन जाईल. ती ओळ मी उचलून खाली नेली. ताईंनी रबर सरळ केलं आणि बटण दाबलं. 'अ' आला, अनुस्वाराच्या आधीच ओळ करडी झाली. त्यांनी मला एक मटाराची शेंग दिली. आमच्या ऑफिसात यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं सकाळी कांदिवलीला ओट्याजवळ उभे होतो. ताईंनी रुमाल आणलाच नव्हता. बाकीच्या दहाजणी माझ्याकडे असं बघत होत्या, की हा तोच पापलेटवाला. गर्दी मात्र जोरात होती, आणि मावशींचा फोन बर्फाच्या पेटीवर टेकवून ठेवलेला.

नवाच्या सुमाराला शेवटचं पापलेट गेलं. मावशींनी हात पाण्यात बुचकळला, लुगड्याला पुसल्यासारखा केला आणि अंगठा फोनवर टेकवला. एकदा.

ओळ करडी झाली.

अंगठा वर उचलला गेला तो सवयीने, दुसऱ्यांदा दाबायला. खाली यायला निघाला. आणि मधेच थांबला. पडद्यापासून दोन बोटांवर. मावशींनी ओळीकडे बघितलं, अंगठा मुठीत घेतला आणि समोरच्या बाईला विचारलं, "बोंबील साफ करून पायजेत ना?"

ताईंनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मागे फोन बेरजा करत होता, फोटो मांडत होता. ते कुणी बघत नव्हतं. मधेच मावशींनी सुरमई संपवली, मांदेली संपवली, प्रत्येक वेळी एकच दाब. अकरापर्यंत कुठल्याही घरून फोन आला नाही. कुठलीही मासळी संपून परत उगवली नाही. पलीकडच्या ओट्यावरची एक कोळीण, जी सकाळी माझ्याकडे बघून नाक मुरडत होती, ती ओरडली, "ओ पापलेटवाले, माझ्या फोनवर बी तसाच करून द्या ना! मना चिंबोरी बी टाकायचीय." तिच्या मागून आणखी दोघीतिघी. पान बंद होणार नव्हतं. सोमवारी साहेबांनी मला नोकरी पक्की झाल्याचं पत्र दिलं, पण ते मला कळलं होतं तिथेच, त्या ओल्या लादीवर उभं असताना. मला नाचावंसं वाटत होतं.

पण माझं समाधान होईना. मावशींनी एकदा तोंडाने म्हणायला हवं होतं. गिऱ्हाईक जरा विरळ झालं तसा मी पुढे सरकलो.

"मावशी, चालतंय ना नीट?"

"काय?"

"फोन."

मावशींनी फोनकडे असं बघितलं, जसं काही तो तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळलं. "फोनला काय झायलाय? तो हाय आपला तिथं." मग आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी कशाला उभी हाव सकाळधरून? काय घ्यायचा नाय तर बाजूला व्हा ना, गिऱ्हाइकाला वाट नाय."

मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा एवढा फुललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे, बोंबलांच्या टोपल्यांच्या मधे उभ्या राहून, दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"हाकललं रे आपल्याला!" त्या म्हणाल्या. "चल, चल, बाजूला हो."